वरून टाकलेला पाव: एका प्राथमिक शाळेतले प्रकरण

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरी-चौथीचे वर्ग सांभाळते. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे आहे. दोन खोल्या, पुढे लांब ओसरी, मागे नळ आणि एक जांभळाचे झाड, एवढाच शाळेचा पसारा. गाव लहान आहे, म्हणून शाळेचे आणि मुलांचे नाव इथे घालत नाही.

पट तीसच्या आसपास. निम्मी मुले गावची, घरी कोकणी बोलणारी. उरलेली औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या कुटुंबांतली. बहुतेक उत्तर कर्नाटकातली, दोन-चार झारखंड आणि उत्तर प्रदेशातली. गावात ज्यांना परवडते ते आपली मुले शहराकडच्या इंग्रजी शाळेत धाडतात. कामगारांची मुले नसती तर आमची शाळा पटाअभावी केव्हाच बंद झाली असती. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलून कोणी दाखवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मध्ये काही चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. डिचोलीत खाणीवर पोट असलेली घरे पुष्कळ. कर्ज काढून घेतलेले टिप्पर दारात उभे राहिले. त्याच वेळी जवळच्या कारखान्यांत बाहेरून आलेली माणसे कमी पगारावर राबताना दिसत होती. त्या दिवसांची चीड अजून जेवताना निघते, आणि मूल शेजारी बसून ऐकत असते. जातीची शिवाशीव तर याहून कितीतरी जुनी. आमच्या ओसरीवर जे घडले त्यात हे दोन्ही होते. कोणते किती, ते वेगळे काढता येणार नाही.

मधल्या सुट्टीत

जुलै महिना, पाऊस लागून राहिलेला. माध्यान्ह आहार स्वयंसाहाय्य गटाच्या बायका डब्यांतून आणून देतात. त्या दिवशी पाव आणि वाटाण्याची पातळ भाजी होती. भाजी वाढायला गटाची ताई, पाव वाटायला चौथीतला मॉनिटर. मुलगा हुशार, टापटीप, अक्षर सुंदर. आमच्याकडे चौथीतला हुशार मुलगा वर्षभर मॉनिटर, ही पद्धत जुनी. प्रत्येकाच्या ताटात पाव ठेवत तो रांगेने पुढे सरकत होता. दुसरीत नव्याने आलेल्या एका मुलीपाशी तो पोचला, तेव्हा त्याने हात ताटाच्या वीतभर वर थांबवला आणि पाव सोडून दिला. पाव ताटाच्या काठावर आपटून खाली पडला. त्याने दुसरा काढला, तोही तसाच वरून सोडला. हा ताटात पडला. पुढच्या मुलाच्या ताटात मात्र पाव परत नीट ठेवला गेला.

मुलीने खाली पडलेला पाव उचलला, फ्रॉकला पुसला आणि दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात घातला. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मूल बसेल एवढी जागा मोकळी होती. जेवण झाल्यावर ती नळावर पाणी प्यायली आणि बाजूला झाली, तेव्हा तिसरीतल्या दोघांनी नळाची तोटी हाताने घासून धुतली, मगच ओंजळ लावली. कोणी हसले नाही, कोणी ‘घाटी’, म्हणजे घाटापलीकडची, म्हणून चिडवलेही नाही. रोजचे काम करावे तसे सगळे चालले होते. मला सर्वांत जास्त लागले ते हेच.

त्याच सकाळी परिपाठाला या मुलांनी हात पुढे करून प्रतिज्ञा म्हटली होती. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 मध्ये तेलुगूत लिहिलेली ही प्रतिज्ञा देशभरातली मुले आपापल्या भाषेत म्हणतात. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ हे वाक्य त्या मॉनिटरइतके स्पष्ट आमच्या शाळेत कोणी म्हणत नाही. ओसरीच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका रंगवलेली आहे. पाव पडला तो तिच्याच खाली.

काय करायचे नाही

गटाच्या ताईचा उपाय सरळ होता: दोन रट्टे द्या. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे दोन्ही मना आहे, हे तिला सांगितले. पण कायद्याने मनाई नसती तरी मी मारले नसते. दुसऱ्याचा मान राखायला शिकवताना मुलाचा अपमान करायचा, यातून ते एवढेच शिकते की जो मोठा त्याने अपमान करायचा.

सरांचे म्हणणे होते, दुसऱ्या दिवशी परिपाठात त्याला सर्वांसमोर माफी मागायला लावावी. शाळा सुटल्यावर आम्ही दोघे बराच वेळ यावर बोललो. माफी मागायला मुलगा उभा राहणार, पण त्याच्यासमोर मुलीलाही उभे करावे लागणार. ज्या मुलांच्या लक्षात आले नव्हते त्यांनाही कळणार की हिला शिवत नाहीत. तिच्या दुःखाचा आपण धडा करणार आणि तिला विचारणारही नाही. शिवाय माफी खरी की नुसती टीचरच्या कानांसाठी, हे कसे ओळखायचे? सरांनी शेवटी मान्य केले, पण मनापासून नाही. ‘मग काहीच करायचे नाही का?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

आधी मुलीशी बोलले. तिला मराठी कळते, बोलायला ती बिचकते. चौथीतली एक कन्नड बोलणारी मुलगी मधे बसवली. काय झाले ते मी तिला सांगायला लावले नाही. शाळेत तुला काय करायला आवडेल, एवढेच विचारले. ती कन्नडमध्ये खाली मान घालून बराच वेळ बोलली. मोठीने ते एका वाक्यात सांगितले: ‘टीचर, तिला पाव वाटायचे आहेत.’

मॉनिटरशी बोलले ते वह्या रचताना, एकट्याशी. त्याने लपवले काहीच नाही. ‘आजयेन सांगलां, तांकां आपडूंक जायना.’ त्यांना शिवायचे नाही, असे आजीने बजावले होते. पाव खाली पडला त्याचे काय, असे विचारल्यावर म्हणाला, ‘दुसरो दिलो मगे.’ त्याच्या हिशेबाने त्याचे काम चोख झाले होते. टीचरने सांगितले प्रत्येकाला पाव द्यायचा, त्याने दिला. आजीने सांगितले शिवायचे नाही, तो शिवला नाही. दोघींचेही ऐकले. या मुलात दुष्टावा नव्हता. होता तो आज्ञाधारकपणा, ज्याचे आम्ही सगळे कौतुक करतो. त्याला आणखी एक आज्ञा देऊन काही होणार नव्हते. घरी गेल्यावर तीही आजीच्या आज्ञेशेजारी जाऊन बसली असती.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1932 मध्ये मांडलेले एक निरीक्षण मला इथे फार उपयोगी वाटते. स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोट्या खेळताना पाहून, त्यांना नियमांबद्दल विचारून त्यांनी दाखवले की लहान मुलाला नियम मोठ्यांकडून आलेला आणि अढळ वाटतो. बरोबरीच्या मुलांशी खेळताना, भांडताना, तडजोड करताना पुढे त्याला उमगत जाते की नियम आपण ठरवलेले असतात आणि सगळ्यांना पटले तर बदलता येतात. परस्परांचा मान या दुसऱ्या प्रकारच्या नात्यात वाढतो. आमच्या शाळेत बरोबरीने ठरवण्यासारखे मुलांकडे होते काय? परिपाठ आमचा, रांग आमची, मॉनिटर आम्ही नेमलेला. सगळ्यांत मोलाची वस्तू, म्हणजे पाव, एकाच मुलाच्या हातात.

चिठ्ठ्यांचा डबा

कायमचा मॉनिटर बंद केला. कोणाची चूक झाली म्हणून हा बदल आहे, असे कुठेही म्हटले नाही. मुलांच्या जोड्या केल्या, एक मोठे आणि एक लहान. शाळेतली कामे लिहून काढली: पाव वाटणे, हात धुवायला साबण आणि पाणी, ओसरी झाडणे, ओला-सुका कचरा वेगळा करणे, फळा पुसणे, पहिलीच्या मुलांना चप्पल लावायला मदत. शौचालयाची सफाई यात घातली नाही, ते मुलांचे काम नव्हे. दर शुक्रवारी डब्यातून चिठ्ठी काढायची, पुढचा आठवडा ते काम त्या जोडीचे. डब्यात माझ्या आणि सरांच्या नावाचीही जोडी. जोडीने काम करणे, गटात बोलणे ही पद्धत आम्हाला नवी नव्हती. बीड जिल्ह्यात 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ या मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमाचा भर अशाच जोडीकामावर आणि गटकामावर आहे. आम्ही ती पद्धत तासातून बाहेर काढून ओसरीवर आणली.

मग नियम. चारही वर्ग गोल बसवले आणि वाटप करताना काय पाळायचे ते मुलांनाच विचारले. पहिली यादी शिक्षांची निघाली. सांडले तर उठाबशा. ढकलले तर फळ्यावर नाव. तिसरीतला एक म्हणाला, ‘जो भांडेल त्याला पाव नाही.’ त्यावर पुष्कळ हात वर आले.

इथे मी मुलांना थांबवले. बाकी सगळे तुम्ही ठरवा, पण कोणाला जेवण द्यायचे नाही, हे ठरवता येणार नाही. सगळ्यांनी हात वर केले तरी नाही. चौथीतल्या एका मुलीने लगेच विचारले, ‘मग टीचर, आमचं मत घेता कशाला?’ लहान मुलांना नागरिकशास्त्र शिकवताना मतदानाचा खेळ आपण नेहमी घेतो. वर्गप्रतिनिधी निवडतो, हात मोजतो, आणि जास्त हात म्हणजे बरोबर, असे मुलाच्या मनात घालून देतो. तिथेच थांबले तर ते शिक्षण अर्धेच राहते. पाळी कोणाची, साबण कुठे ठेवायचा, सुरुवात पहिलीपासून की चौथीपासून, हे आपण मिळून ठरवू. जेवायला बसायचे कोणी, नळावर पाणी प्यायचे कोणी, हे कोणी ठरवण्यासारखे नाहीच. ते प्रत्येकाचे आधीपासूनच आहे. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, तिला परवानगी द्यायची की नाही हे कोणत्याही पंचायतीच्या ठरावावर सोडले नाही. मुलांना कलमाचा आकडा सांगितला नाही. ‘हात मोजायचे ते कामासाठी, माणसासाठी नाही’ असे सांगितले. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला पटले की नाही कोण जाणे, पण पुढे दुसऱ्या एका भांडणात तेच वाक्य तिने कोणाला तरी ऐकवले.

शेवटी मुलांनी ठरवले: पाव ताटात ठेवायचा किंवा हातात द्यायचा, फेकायचा नाही. आधी ‘किती?’ विचारायचे. वाटणाऱ्यांनी शेवटी जेवायचे. बसायचे चिठ्ठीच्या जोडीने. बसण्याचा नियम पहिलीतल्या एका मुलाने सुचवला, त्याला मोठ्या जोडीदाराशेजारी बसायचे होते म्हणून.

दुसरीतल्या त्या मुलीची पाळी गणेश चतुर्थीच्या सुट्टीआधी आली, तिच्या कन्नड बोलणाऱ्या मोठ्या जोडीदारणीबरोबर. टोपली मोठीने धरलेली, पाव हिच्या हातात. आवाज निघत नव्हता, मग मोठीने ‘ओंदु’ म्हटले, हिने ‘एरडु’, आणि मोजणी कन्नडमध्ये सुरू झाली. मॉनिटर राहिलेल्या मुलाने ताट पुढे केले. हिने पाव ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिले, मी भाजीच्या डब्याकडे पाहत राहिले. तो बसला आणि खाऊ लागला. गावच्या दोन मुलांनी त्या दिवशी पाव तसाच ठेवला. सरांना बोलायचे होते, मी डोळ्यांनीच नको म्हटले. पुढे भुकेने म्हणा, इतर खातात म्हणून म्हणा, ती दोघेही खाऊ लागली. आता पाव मोजताना अर्धी शाळा ‘ओंदु, एरडु, मूरु’ करते.

महाडचे तळे

चतुर्थीच्या सुट्टीनंतर तिसरी-चौथीला मी चवदार तळ्याची गोष्ट सांगितली. ओसरीवरच्या प्रसंगाशी तिचा संबंध मी जोडला नाही. गोष्ट सांगताना बहुतेक वेळा आपण थेट 20 मार्च 1927 वर येतो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मी थोडे मागून सुरू केले. मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्येच ठराव केला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले. ठराव होऊनही तळ्यावर जाण्याची सोय नव्हती. तिथे जाणाऱ्याला मार बसण्याची भीती होती. हजारो माणसांनी तिथवर चालत जाऊन पाणी प्याल्यावर कागदावरच्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर मारहाण झाली, खटला झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले.

‘म्हशी पीत होत्या का त्या तळ्यात?’ तिसरीतल्या मुलाने विचारले. पीत होत्या, म्हटले. तो गप्प झाला. नळाची तोटी घासणाऱ्या दोघांतला तो एक.

भिंतीवर रंगवलेली उद्देशिका हा आमच्या शाळेचा 1923 चा ठराव आहे, असे मला तेव्हापासून वाटते. ती रंगवलेली असावीच. तिच्यातला ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हा शब्द मुलांना मी समजावून सांगू शकते, पण सात वर्षांच्या मुलाला तो कळतो तो समोरच्याने पाव कसा दिला यावरून.

घरची माणसे

आजी छत्री घेऊन शाळेत आल्या. नातवाला झाडू दिला, हे त्यांना पटले नव्हते. पावाबद्दल त्या आडून बोलल्या. मी त्यांना बसवले, चहा दिला. आजी, तुमच्या घरचे तुम्ही जाणता, शाळेच्या ओसरीवर मात्र एकच रीत, एवढे सांगितले. झाडूच्या चिठ्ठीत सरांचे नाव निघाले होते आणि सरांनी आठवडाभर ओसरी झाडली होती, हे त्यांनी गावात ऐकलेच होते. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. पटले असे मी म्हणणार नाही. पण नातवाला शाळेतून काढले नाही.

पालक-शिक्षक संघाच्या सभेत एका वडिलांनी विचारले, मुलगे झाडलोट कशी करणार? यावर सभेतल्या आयांनीच त्यांना गप्प केले. तो विषय मला बोलावाच लागला नाही.

सर्वांत अवघड गेले ते मुलीच्या आईशी बोलणे. तिच्या मुलीला मान मिळतोय म्हणून ती खूश होईल, असे कोणालाही वाटेल. ती घाबरली होती. तुटक हिंदीत म्हणाली, टीचर, तिला पाव वाटायला देऊ नका, आम्हाला इथे राहायचे आहे. खोलीचा मालक गावचा, किराण्याची उधारी गावच्या दुकानात. मुलीने वाटलेला पाव कोणाच्या घरी बोलला गेला तर उद्या खोली खाली करायला सांगतील, ही तिची भीती पोकळ नव्हती. शाळा बारा-साडेबाराला सुटते, त्यानंतरचा दिवस आमच्या हातात नाही. तिला मी खोटा दिलासा दिला नाही. पाळी चिठ्ठीने येते, सगळ्यांची येते, तिच्या मुलीला वेगळे काढून पुढे केलेले नाही, हे सांगितले. तुला पाहायचे असेल तर ये, म्हटले. ती एका मधल्या सुट्टीत आली, फाटकापाशी उभी राहून पाहून गेली. आत आली नाही. नंतर पाव वाटू नका असेही म्हणाली नाही.

अशा मुलांसाठी काम करताना आपण शिक्षक या आईची बाजू विसरतो. मुलाला धीट बनवा म्हणणे सोपे आहे. त्या धिटाईची किंमत कोण मोजणार, हे आधी पाहिले पाहिजे. म्हणून चिठ्ठी मला मोलाची वाटते. तिच्यामुळे कोणा एका मुलाला लढाई अंगावर घ्यावी लागत नाही.

आजची स्थिती

पाव आता कोणाच्याही ताटात वरून पडत नाही. मुलीच्या शेजारची जागा मोकळी राहत नाही, कारण बसणे जोडीने आहे. मॉनिटर राहिलेला मुलगा आणि ती मित्र झालेले नाहीत; एकमेकांशी कामापुरते बोलतात. मैत्री करायला लावणे हे शाळेचे काम नाही, असे मी मानते. बरोबरीने वागवणे, तेवढे शाळेने पाहायचे. चतुर्थीत मुले एकमेकांच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळा-पानांची आरास, पाहायला जातात, तिला कोणी बोलावले नाही. नळावर तोटी धुणे पुष्कळ कमी झाले, थांबले असे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण पावसात तोटीला चिखल लागतो आणि तो कोणीही धुतो.

आमच्याकडे प्राथमिक चौथीपर्यंत. चौथीची मुले पुढच्या वर्षी पाचवीला जवळच्या हायस्कुलात जातील. तिथे वर्ग चाळीसचा, आणि मॉनिटर गुणांवरून वर्षभरासाठी नेमला जातो. त्या वर्गाच्या शिक्षिकेशी मी बोलले आहे. पहिल्या सत्रात चिठ्ठ्यांचा डबा करून पाहायला ती तयार आहे. अडचण एवढीच, की चाळीस मुलांना पुरतील एवढी खरी कामे काढायची कुठून. पुस्तकांच्या कपाटाची नोंद आणि फळबागेला पाणी ही दोन तिने सुचवली, माध्यान्ह आहाराचे वाटप मी सुचवले. बाकीची यादी करायला मेच्या सुट्टीत एकदा बसायचे ठरले आहे, आणि जाणाऱ्या मुलांपैकी दोघांना त्या वेळी बोलावणार आहोत. त्यात मॉनिटर राहिलेला तो मुलगाही आहे. कामांची यादी सुवाच्य लिहायला त्याच्यासारखा कोणी नाही.